भावाच्या जहाजाने समुद्रातून माणसं उचलली, आता उतरवून घ्यायला कोणी तयार नाही. असं किती दिवस चालतं?

असगोलीची_थोरली

नमस्कार मंडळी. इथे बोटीवरचे बरेच लोक आहेत म्हणून विचारतेय, गुहागरात विचारायला गेलं तर सल्ला कमी आणि चर्चाच जास्त होते.

माझा धाकटा भाऊ एका टँकरवर एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी आहे. गेल्या गुरुवारी पहाटे मेडिटरेनियनमध्ये, लिबियाच्या वरच्या अंगाला, त्यांना रेस्क्यू सेंटरचा मेसेज आला की तुमच्या जवळ एक रबरी बोट अडकलीय, जाऊन बघा. हे गेले तर निम्मी हवा गेलेली बोट आणि तिच्यात ४१ माणसं. पायलट लॅडर सोडून एकेकाला वर घेतलं, शिडी धरायची ड्युटी भावाचीच होती. बायकांच्या मांड्या आणि पाय सोलवटलेले होते, त्याला आधी कळेचना की पाण्यात बसून माणूस भाजतो कसा. मग चीफ ऑफिसरने सांगितलं की बोटीच्या तळाला सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र झालं की कातडी जळते, आणि बायका-पोरांना मधे तळाशी बसवतात म्हणून तीच जास्त भाजतात.

आज सहावा दिवस. एक देश म्हणतो मेसेज ज्यांनी दिला त्यांनी बघावं, दुसरा म्हणतो जवळचं बंदर आमचं नाही, जहाज बाहेर नांगरून उभं आहे. खाणारी तोंडं बावीस होती ती आता त्रेसष्ट झाली. कूक गोव्याचा आहे, तो दोन वेळा खिचडी टाकतोय पण तांदूळ संपत आला म्हणे. माणसं डेकवर ताडपत्रीखाली झोपतात. एक सातेक वर्षांचा मुलगा भावाचा बॉयलर सूट घालून फिरतोय, बाह्या चार वेळा दुमडलेल्या आणि कमरेला सुतळी, तो फोटो भावाने पाठवला आणि आईने तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला.

आई सारखी एकच विचारते, बंदर मिळत नाही म्हणजे काय, बंदरं काय संपली का तिकडची? शेजारचे काका म्हणाले उचललेच कशाला, बघितलं नाही म्हणायचं नि पुढे जायचं.

तर मला एवढंच कळायला हवंय: हे किती दिवस चालतं, भावावर उद्या माणसं आणली म्हणून केस होऊ शकते का, पगार कापतात का. आणि ते लोक नक्की कोण, निर्वासित की घुसखोर? टीव्हीवर एकाच बातमीत दोन्ही शब्द वापरतात.

मिऱ्याबंदर_कॅप्टन

ताई, बत्तीस वर्षं जहाजावर काढली, शेवटची अकरा मास्टर म्हणजे कॅप्टन म्हणून. आधी काम सांगतो मग कायदा. तो फोटो ग्रुपवरून काढायला लावा, आत्ता. ती माणसं कुणापासून पळून आलीत आपल्याला माहीत नाही, चेहरा फिरत फिरत नको त्या माणसाकडे गेला तर गावाकडे राहिलेल्यांचे हाल होतात. भावालाही सांगा नावं-गावं विचारत बसू नको, तुला अमुक देशात सोडतो असं वचन देऊ नको. आश्रयाचा अर्ज घेणं न घेणं हे जहाजाचं कामच नाही. कोणी आश्रय मागतोय म्हटलं तर मास्टरने रेस्क्यू सेंटरला कळवायचं आणि लॉगमध्ये लिहायचं, संपलं.

केसचं म्हणाल तर काळजी करू नका. समुद्रात जीव धोक्यात असलेल्या माणसाला वाचवणं हे मास्टरचं कर्तव्य आहे, सोलास म्हणजे समुद्रातल्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलंय, यूएनच्या समुद्र कायद्याच्या कलम ९८ मध्येही लिहिलंय. तो माणूस कोण, कागद आहेत की नाहीत, याचा तिथे संबंध नाही. काकांना सांगा की बघून न बघितल्यासारखं केलं असतं तर केस तेव्हा झाली असती. आणि इथे तर सेंटरनेच पाठवलेलं, म्हणजे सगळं रेकॉर्डवर आहे. पगार चालू राहतो, वळसा पडल्याचा जादा खर्च बऱ्याचदा कंपनीच्या पी अँड आय क्लबकडून, म्हणजे जहाजमालकांच्या विम्यातून निघतो.

आता किती दिवस. इथे खोटं सांगून उपयोग नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या जहाजाने चारशेहून जास्त माणसं उचलली, क्रू होता २७ जणांचा. ऑस्ट्रेलियाने बंदर नाकारलं, मास्टर तरी ख्रिसमस आयलंडकडे निघाला तेव्हा वर कमांडो चढवले. शेवटी काहींना न्यूझीलंडने घेतलं, बाकीची नाउरू बेटावर. त्यानंतर नियम सुधारले, २००६ पासून असं आहे की देशांनी आपसात ठरवून माणसं सुरक्षित जागी उतरवायची आणि जहाज लवकर मोकळं करायचं. माल्टाने ती सुधारणा मान्यच केली नाही. म्हणून २०२० मध्ये मेर्स्क एटिएन हा टँकर २७ माणसं घेऊन माल्टाबाहेर ३८ दिवस उभा राहिला, वैतागून तीन जणांनी समुद्रात उड्या मारल्या, त्यांना परत काढावं लागलं. मी तेव्हा घरी होतो, रोज बातमी बघायचो आणि रात्री झोप यायची नाही, कारण त्या मास्टरच्या जागी मी असतो तर मलाही काही सुचलं नसतं.

पण ते टोकाचं उदाहरण. बहुतेक वेळा थोड्या दिवसांत सुटतं. आजारी माणसांची यादी रोज दोन वेळा पाठवत राहायची, भाजलेल्या बायका असतील तर त्यांना आधी काढून नेतात आणि मग बाकीच्यांचाही मार्ग निघतो, हा अनुभव आहे.

रोखठोक_चिपळूण

भावाने केलं ते बरोबरच, बुडणाऱ्याला काढायचंच असतं त्यात वाद नाही. पण पुढचं बोलायला कोणी तयार नसतं. हे लोक काय चुकून बोटीत बसलेले नाहीत, एजंटला पैसे मोजून बसलेत, आणि एजंटला पक्कं माहीत आहे की पुढे मोठं जहाज उचलणार, म्हणून तर तो फाटकी बोट आणि अर्धी टाकी पेट्रोल देतो. तुम्ही उचललं की त्याचा धंदा चालू. इंग्लंडमध्ये एकट्या २०२२ साली ४५ हजारांवर लोक छोट्या बोटींतून आले. माझा मावसभाऊ तिकडे जायला रीतसर फी भरून, कागद लावून दोन वर्षं रांगेत उभा होता आणि एवढं करून नकार आला. त्याने काय घोडं मारलं होतं?

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे, चिरेखाणीवर पोलीस येतात, आधार बघतात, खोटं निघालं की पुढचं सगळं माहीतच आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच एका श्रीलंकन तमिळाच्या केसमध्ये भारत म्हणजे धर्मशाळा नाही असं सुनावलं. मग युरोपने धर्मशाळा का उघडावी?

अलिबागकर_वकीलवहिनी

थोरलीताई, आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण सगळ्या धाग्यात तोच प्रश्न मुद्द्याचा आहे. बंदरं आहेत हो भरपूर. पण युरोपात डब्लिनचा नियम असा की माणूस आधी ज्या देशात शिरला त्या देशाने त्याचा अर्ज तपासायचा. उतरल्यावर बोटांचे ठसे घेतात, ते सगळ्या युरोपच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये जातात, आणि मग तो माणूस पुढे जर्मनीत सापडला तरी म्हणतात जा परत, तुझा पहिला ठसा तिकडचा. म्हणजे ज्याने बंदर दिलं त्याच्या गळ्यात ४१ केसेस. इटली, माल्टा, ग्रीस वर्षानुवर्षं हेच ओरडतायत की समुद्र आमच्या दारात आहे ही आमची चूक का. २०२४ मध्ये युरोपने नवीन करार केला, त्यात बाकीच्या देशांनी एकतर माणसं वाटून घ्यायची नाहीतर पैसे द्यायचे असं ठरलं, सीमेवरच झटपट तपासणीही आली, अंमल जून २०२६ पासूनचा.

निर्वासित की घुसखोर, तर उतरेपर्यंत दोन्ही नाही. १९५१ चा जिनिव्हाचा करार आहे, आधी तो फक्त युरोपातल्या महायुद्धाच्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून केलेला, १९६७ मध्ये ती मर्यादा काढली. त्यात कारणं पाच: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट समाजगटातला असणं, राजकीय मत. यातल्या एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती हवी. घरी खायला नाही हे त्यात बसत नाही. माझ्याकडे लोक येतात त्यांना हे फार कठोर वाटतं, पण आहे ते असं आहे. आता ४१ जणांत कोण सुदानमधून जीव घेऊन आलाय आणि कोण कामासाठी आलाय हे डेकवर उभं राहून कोणाला कळणार? त्यासाठी मुलाखत, दुभाषा, निकाल, अपील ही सगळी भानगड आणि तिथेच वर्षं जातात. पण एक गोष्ट त्या करारातच आहे की आश्रय मागणारा सरळ धोक्यातून आला आणि लगेच हजर झाला तर बेकायदा शिरला म्हणून त्याला शिक्षा करायची नाही. कारण ज्याला स्वतःचंच सरकार मारायला उठलंय तो पासपोर्ट ऑफिसात कसा जाईल?

लिबियाला परत का नेत नाहीत, कोणीतरी विचारेलच. इटलीने ते करून बघितलं होतं, २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने चपराक दिली. जिथे जीव धोक्यात तिथे माणूस परत ढकलायचा नाही, हा सगळ्या कायद्याचा कणा आहे. इंग्लंडने रवांडाला पाठवायची स्कीम काढली एप्रिल २०२२ मध्ये, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने अडवली ती याच मुद्द्यावर, २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. जबरदस्तीने एकही माणूस पाठवता आला नाही, पैसा मात्र गेला.

रोखठोक, तुमचा एजंटचा मुद्दा खोटा नाही. पण उचलणं थांबवलं की येणं थांबतं हे झालं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये लाम्पेदुसाजवळ साडेतीनशेच्या वर माणसं गेली, मग इटलीने नौदल लावून उचलायला सुरुवात केली, वर्षभराने तुम्ही म्हणता त्याच कारणाने ते बंद झालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये एकाच बोटीत सातशेवर माणसं बुडाली.

भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. तिबेटी, श्रीलंकन तमिळ, रोहिंग्या, प्रत्येकाला वेगळी वागणूक, सरकारच्या मनावर. कागद नसलेला परदेशी म्हणजे परदेशी, पूर्वी १९४६ चा कायदा, आता २०२५ चा. तरी १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की त्यांच्याही जिवाचं रक्षण राज्याने करायचं. तुम्ही एक वाक्य आणलंत, म्हणून मी दुसरं आणलं.

जगबुडीकाठचा

रोखठोकभाऊ, घुसखोर हा शब्द लांबून सोपा वाटतो. मी स्वतः चौदा महिने खल्लीवल्ली होतो. गल्फमध्ये गेलेल्यांना हा शब्द माहीत असेल, कफील म्हणजे व्हिसा देणारा मालक, त्याला सोडून पळालेला, कागद संपलेला. खेड-दापोलीकडे प्रत्येक मोहल्ल्यात एखादा तरी भेटेल, फक्त बोलणार नाही. पासपोर्ट मालकाकडे, पगार चार महिने नाही, मी निघून दुसरीकडे एसी दुरुस्तीची कामं करायला लागलो, त्या दिवसापासून पोलिसाची गाडी दिसली की मी दुकानात शिरून उगाच साबण विकत घ्यायचो. खोलीवर साबणाचा ढीग झालेला. शेवटी माफी योजना निघाली तेव्हा एक्झिट घेऊन आलो.

मी निर्वासित नव्हतो, वहिनींच्या पाच कारणांत मी कुठेच बसत नाही, ते मला मान्य. पण मी चोर पण नव्हतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूचे तीन मच्छीमार कुवेतच्या मालकाची बोट घेऊन थेट मुंबईला येऊन धडकले, आठवतंय? पगार नाही, मारहाण, पासपोर्ट काढून घेतलेला, मग दहा-बारा दिवस समुद्र कापत आले आणि इथे पोचल्यावर पहिली अटक त्यांनाच. स्वतःच्या देशात यायला पण कागद लागतो.

आणि एजंटचे गिऱ्हाईक फक्त तिकडचे नाहीत हो. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सने एक विमान अडवलं, निकाराग्वाला चाललेलं, तीनशेवर माणसं आणि बहुतेक सगळी आपली. त्यातली २७६ मुंबईला परत आली, काहींनी तिथेच आश्रय मागितला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ जणांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं. तेव्हा गावात सगळे म्हणत होते बेड्या कशाला, माणसं आहेत ती.

देवगडचो_तांडेल

मी वकील नाय नि कॅप्टनय नाय, दोन ट्रॉलर असत माझे. माझ्या बोटीर नेपाळी खलाशी असत, तेंका व्हिसा लागणा नाय, १९५० चो करार असा. तरी २६/११ पासून कार्डा, तपासणी सगळा सोसूचा लागता नि ता बरोबरच असा, आमच्याच दर्यातून ते इले होते.

पण एक सांगतंय. २०२२ च्या ऑगस्टात हरिहरेश्वराक एक मोकळी बोट लागली, आत तीन एके-४७. सगळ्या किनाऱ्यार नाकाबंदी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी. मगे कळला, ती एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतच्या बाजूक इंजिन बंद पडला, माणसांका दुसऱ्या जहाजान उचलल्यान नि बोट वाहत आमच्याकडे. त्या माणसांका उचलताना कोणी विचारला काय तुमची बंदुका कित्याक? पयलो दोर टाकतत. मी पण टाकलंय, दोन वेळा. बुडणाऱ्याचा आधार कार्ड कोण बघणा नाय.

बाकी रोखठोक म्हणता तापण खरा, किनाऱ्यार उतारल्यावर बघूकच व्हया.

पंचगंगेचा_पाहुणा

घाटावरचा आहे पण घुसतो मधे. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धात पाचेक हजार पोलिश लोक राहिले, १९४३ ते ४८. रशियाने सायबेरियाकडे नेलेले, तिथून इराणमार्गे इकडे आले. शाळा, चर्च, सगळं होतं. आजी सांगायची की ती पोरं भवानी मंडपात यायची आणि फर्डं मराठी बोलायची. तेव्हा कुठे होता तो जिनिव्हा करार?

रोखठोक_चिपळूण

पाहुणे, त्यांच्या मागे सरकार उभं होतं ना, लंडनमधलं पोलिश सरकार खर्च देत होतं आणि इंग्रजांनी रीतसर आणलेले. रात्रीच्या बोटीने नाही आले. मी तेच म्हणतोय, रीतसर आणा, मोजून आणा. खल्लीवल्लीवाल्या भाऊंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण घरात किती पाहुणे ठेवायचे ते घरच्यांनी ठरवायचं की एजंटने?

अलिबागकर_वकीलवहिनी

घरच्यांनीच. पण पाहुणे नक्की कुणाच्या घरी आहेत ते तरी बघा. २०२४ अखेरचा यूएनचा आकडा, जगात १२ कोटी ३२ लाख लोक घरादारातून उठवलेले. त्यातले निम्म्याहून जास्त तर स्वतःच्या देशातच इकडून तिकडे. देश सोडलेल्यांतले शंभरात ७३ गरीब किंवा मध्यम देशांत, बहुतेक शेजारीच. युरोपच्या बोटींत दिसतात ते शेवटचे थोडे. आपल्याकडे १९७१ ला एक कोटीच्या आसपास आले होते, आणि उल्हासनगर काय आहे विसरलात का, फाळणीत आलेल्यांसाठी मिलिटरीच्या बरॅकमध्ये वसलेलं.

आणि रात्रीच्या बोटीचंच म्हणत असाल तर आमच्या नवगावला या कधी. बेने इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची कथा अशीच की जहाज फुटलं, सात जोडपी किनाऱ्याला लागली, पुढे तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. इतिहासाचे लोक म्हणतात दंतकथा असेल, असू दे. पण आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या ती सांगतात आणि त्यात कागद कोणी मागितल्याचं नाही.

मिऱ्याबंदर_कॅप्टन

वाद चालू द्या, मला फक्त विचारायचंय की ताई, काही कळलं का? आज नववा दिवस ना?

असगोलीची_थोरली

हो काका, आत्ताच मेसेज आला. काल रात्री कोस्ट गार्डची बोट येऊन भाजलेल्या तिघी बायकांना आणि दोन लहानग्यांना घेऊन गेली, तुम्ही म्हणालात तसंच. आज सकाळी बाकीच्यांना बंदर मिळालं. कुठलं ते नाही लिहीत इथे. फोटो काढायला लावला होता त्याच दिवशी, आई दोन तास रुसली होती.

भाऊ सांगत होता की धक्क्यावर टेबलं मांडलेली, पांढऱ्या सूटातले लोक, आधी ताप बघितला, हातात नंबरचा पट्टा बांधला, मग एका मशीनवर बोटं ठेवायला लावली. तो वर रेलिंगला उभा राहून बघत होता. एक माणूस बोटं ठेवायलाच तयार नव्हता, हात मागे घेऊन उभा. त्याला तेव्हा माझ्याकडून ऐकलेला तो डब्लिनचा प्रकार आठवला म्हणे, मी वहिनींचं सगळं त्याला वाचून दाखवलं होतं. शेवटी कोणीतरी समजावलं आणि ठेवली.

आई आता म्हणते ती माणसं पुढे कुठे जाणार, ते विचार तुझ्या लोकांना. मी म्हटलं ते त्यांनाच माहीत नाही.

एकच भानगड शिल्लक आहे. तो छोटा बॉयलर सूट घालूनच उतरला, काढूनच देईना, भावाने पण मग सुतळीची नीट गाठ मारून दिली. आता चीफ ऑफिसर म्हणतो स्टोअरच्या हिशोबात एक नग कमी लागतोय. हे पगारातून कापतात का?

मिऱ्याबंदर_कॅप्टन

नाही कापत. रेस्क्यूमध्ये दिला असं लिहायला सांगा, ब्लँकेटच्या यादीतच घालायचा. साइझ पण लिहायला सांगा, नाहीतर नवीन भलत्याच मापाचा येतो.